मोठ्या बाबांचं पार्लमेंट

अख्ख्या वऱ्हाडात पार्लमेंट फक्त आमच्या वलगावच्या ओसरीवर भरत असे, आणि ते भरवणारे होते माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. अमरावतीत कापूस घेणारा एक गोरा साहेब मायदेशी परतताना त्यांना एक छापील तसबीर देऊन गेला होता. विलायतेच्या पार्लमेंटात जास्त लोकांना मताचा हक्क देणारा कायदा झाला, त्या प्रसंगाची. समोरासमोर बाकांच्या रांगा आणि त्यांवर दाटीने बसलेले साहेब. मोठे बाबा ती रोज पुसत, दसऱ्याला काचेवर प्रत्येक साहेबाला कुंकू लावत. काहींची डोकी मात्र उघडी होती. त्यांच्या घरी सुतक असणार असं ठरवून त्यांना ते वगळत. तेव्हापासून घरातला कुठलाही वाद दोन रांगांत बसूनच मिटे; जिकडे माणसं जास्त, तिकडचं खरं. एकदा लाडका बैल विकण्यावरून ते स्वतःच हरले. "हारलो तं हारलो," म्हणाले, आणि बैलाला गूळ चारायला गोठ्यात गेले ते जेवायलाही आले नाहीत.

त्याच ओसरीवर एक दिवस माझा प्रश्न आला. अमेरिकेतल्या लढाईने कापसाला सोन्याचा भाव आला होता. बाबांना मी बाजारात हवा होतो, मोठ्या बाबांना अकोल्याच्या इंग्रजी शाळेत. ते थोरले, एका शब्दात हुकूम करू शकले असते. पण ते रांगेत जाऊन बसले. समोर बाबा आणि धाकटे काका. इकडे ते एकटे. मी खांबाला धरून उभा होतो.

"दादा, हारले तुमी," बाबा म्हणाले.

"थांब. घरात अजून माणसं हायेत."

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मोठी आई बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी बसली. बरोबरी झाली.

बाबा उसळले. "बायांचं मत? तुमच्या तसबिरीत एक तरी बाई हाये का?"

"मांगं बसल्या असतील. एवढ्याशा कागदात किती मावतील?"

तेवढ्यात आत बांगड्या वाजल्या. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, कधी न येणारी माझी आई डोक्यावरून पदर ओढून बाहेर आली. बाबांनी सरकून जागा केली. ती मोठ्या आईशेजारी जाऊन बसली.

बाबांनी समोरची तीन डोकी मोजली. मग मला म्हणाले, "जाय. पण सुट्टीत येत जाजो."

बी. ए. होऊन मी घरी आलो, तेव्हा मोठे बाबा अंथरुणाला खिळले होते. एव्हाना मी इतिहास वाचला होता. त्या सभेत बायका नव्हत्या. त्या कायद्याने त्यांना मतही दिलं नव्हतं.

"तू तं शिकला," ते हळूच म्हणाले. "सांग, मांगं बाया होत्या ना?"

बाबा उशाशी बसले होते. आई दुधाचा पेला घेऊन दारात थांबली होती.

"होत्या," मी म्हणालो. "दाटीनं बसल्या होत्या."

त्यांनी विजयाने बाबांकडे पाहिलं. बाबा या वेळी वाद घालायला गेले नाहीत. आईच्या हातून पेला घेऊन त्यांनी तो आपल्या दादांच्या ओठांना लावला.