मधला आकडा

कमलिनी हरदासला एका प्रश्नाचं उत्तर दोन आकड्यांत द्यायची सवय होती, आणि भोपाळच्या त्या सरकारी कारखान्यात तिला वेड्यात काढायला तेवढं पुरेसं होतं. माहेर नागपूरचं, नवरा त्याच कारखान्याच्या खरेदी विभागात, घर टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये आणि नोकरी संगणक विभागात. तिचं म्हणणं साधं होतं. मोजमापं कच्ची असतात, संगणकही बारीकसारीक अपूर्णांक सोडून देतो. म्हणून उत्तर 'इतकंच' असं सांगू नये. 'याच्या खाली नाही, त्याच्या वर नाही' असं सांगावं, पण मग छातीठोक सांगावं. साहेब लोक हसायचे. "मैडम, साफ बताइए, कितना?"

अठ्ठ्याऐंशी साली वीजकेंद्राच्या एका अजस्र पंख्याच्या शाफ्टवरून वाजलं. प्रत्येक शाफ्टचा एक घातक वेग असतो. त्या वेगाला तो थरथरायला लागतो आणि आवरला नाही तर मोडतो. पंखा फिरणार होता मिनिटाला चौदाशे ऐंशी फेऱ्यांनी. कमलिनीच्या गणिताप्रमाणे घातक वेग चौदाशे साठ ते अठराशे वीस यांच्या दरम्यान कुठेही असू शकत होता. म्हणजे पंखा नेमका त्याच टापूत. शाफ्ट ज्या बेअरिंगवर फिरणार, त्याचंच मोजमाप कच्चं होतं. आधी बेअरिंगची चाचणी घ्या, मगच ड्रॉइंग वर्कशॉपमध्ये पाठवा, म्हणून ती डिझाइनचे प्रमुख दुबेसाहेब यांच्या हात धुऊन मागे लागली. साहेब वैतागले.

"अगले महीने अपने यहाँ कॉन्फरन्स है ना, आपके ही सब्जेक्ट की? बड़े-बड़े प्रोफेसर आएँगे. वो मान लें, तो ड्रॉइंग रोक दूँगा."

कमलिनीला आभाळ ठेंगणं झालं. अशा खात्रीच्या गणितावर आयुष्य घालवलेली माणसं टाउनशिपच्या सभागृहात येणार होती. दोन आकडे ऐकून निदान ती तरी दात काढणार नव्हती.

पडद्यावर दाखवायचे पारदर्शक कागद तिनं गजाननरावांकडे दिले. गजाननराव म्हणजे ड्रॉइंग ऑफिसचे मुख्य, राहायला जवळच्याच सोनागिरी वस्तीत, निवृत्तीला टेकलेले, अक्षर छापल्यासारखं. कमलिनीवर त्यांची माया. "तुम्ही फक्त बोलायचं बघा, कमलिनीबाई. लिहायचं माझ्यावर सोडा." शाई वाळायला हवी म्हणून कागद त्यांनी परिषदेच्या दिवशीच, सकाळी पाकिटात घालून आणून दिले. पाकीट उघडायला तिला उसंत मिळाली तर ना! बाईमाणूस म्हणून तिला दीपप्रज्वलनाच्या तबकापाशी उभं केलं होतं. मग पुष्पगुच्छ, मग स्वागत, मग प्रत्येक साहेबाचं 'दो शब्द'. तिची वेळ आली तेव्हा अध्यक्षांनी तिचं भाषण निम्म्यावर आणलं होतं.

पहिला कागद पडद्यावर पडला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. घातक वेग: सोळाशे चाळीस. बस्स, एवढंच. दुसऱ्या कागदावर तेच. तिसऱ्यावरही. जिथे जिथे दोन आकडे होते, तिथे तिथे वळणदार अक्षरात एकच.

"हे चुकीचं लिहिलंय," ती म्हणाली, आणि घाईघाईनं खरे आकडे तोंडानं सांगायला लागली. पुढच्या रांगेतले प्राध्यापक सौजन्यानंच म्हणाले, "पडद्यावर एक आहे, आपण सांगताय दुसरं. सिद्धता कुठे पाहायची?" सिद्धतेच्या कागदावरही मधलाच आकडा होता. अध्यक्षांनी घंटी वाजवली. दुबेसाहेबांनी मात्र जोरात टाळ्या पिटल्या. चौदाशे ऐंशीपासून सोळाशे चाळीस चांगलाच लांब होता. "देखा मैडम? एक साफ आन्सर! यही तो चाहिए था!" समोर नाचून सांगितलं असतं तरी त्या माणसाला आता काही ऐकू गेलं नसतं.

ती तरातरा ड्रॉइंग ऑफिसात गेली. गजाननराव वाटच बघत होते. "मागच्या रांगेतून दिसलं ना नीट?"

"गजाननराव, तुम्ही माझं उत्तर पुसलंत!"

"पुसलं कुठे?" ते गोंधळले. "मधलं घेतलं. वरची-खालची मर्यादा दिली की आपला लेथवाला मधलं माप धरूनच काम करतो. उभी हयात तेच केलं की आपण. साहेबांपुढे दोन-दोन आकडे बरे दिसत नाहीत, बाई."

"ते माप असतं! माप आपण ठरवतो, घातक वेग आपण ठरवत नाही. तो कुठेही असेल. पंख्याच्या वेगावरच असेल!" रडू आणि संताप एकदमच दाटून आला. "ते ड्रॉइंग तरी अडवून ठेवा. तुमच्याच हातून जातं ना?"

म्हातारा कासावीस झाला. आपल्या हातून काहीतरी बिघडलंय एवढं त्याला कळलं, पण ड्रॉइंग अडवायचं म्हणजे काय, ते काही कळेना.

"साहेबांची आत्ताच सही झाली. सही झालेलं ड्रॉइंग मी आजवर कधी थांबवलेलं नाही. आणि हे तर..." त्यांनी टेबलावरचा मोठा कागद तिच्याकडे वळवला. कोपऱ्यात, सोळाशे चाळीसच्या खाली, ताज्या शाईत त्यांनी आपलं सगळ्यात सुंदर अक्षर काढलं होतं. गणित: कमलिनी हरदास.

अकरा वर्षांच्या नोकरीत तिचं नाव पहिल्यांदाच ड्रॉइंगवर आलं होतं.