अदलाबदलीच्या आठवड्यातले भाई

“आता ह्याला द्यायचं कोणाला?”

मॅच हरलो की भाईंचं पहिलं वाक्य हे. कानामागे अडकवलेला छोटा स्क्रूड्रायव्हर काढायचे, चहाच्या टेबलावर त्याने दोनदा टकटक करायचे आणि ज्याने कॅच सोडला असेल त्याच्या तोंडावरच हा प्रश्न विचारायचे. तो बिचारा अजून बुटातली वाळू झटकत असायचा.

आमची सौदीतल्या हुफूफची टीम वाईट होती, हे आधीच सांगून टाकतो. दम्माम, खोबर, जुबैलच्या टीम मोठमोठ्या कंपन्यांच्या. त्यांना हजार माणसांतून अकरा निवडता यायचे. आमच्याकडे एकूण चौदा जण. त्यातले दोघे कायम ड्यूटीवर आणि एकाचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, असा, की शुक्रवारीही माणसाला पाइप बदलायला बोलवायचा. मी त्या टीमचा अकरावा. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासतो, पण भाई मला डॉक्टरच म्हणायचे. मी डॉक्टर नाही, हे किती वेळा सांगितलं. “सुई टोचता ना? मग डॉक्टरच,” म्हणायचे.

भाई रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. घरच्यांशी फोनवर बोलताना त्यांची बोली माझ्या सातारी कानाला अर्धीच कळायची. माझ्याशी मात्र शाळेतल्यासारखी स्वच्छ मराठी बोलत. मोबाइल बाजारात त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणजे कफीलचं होतं आणि आत बावीस वर्षं भाई बसले होते. खेळत नसत. गुडघा गेला होता. दर शुक्रवारी पहाटे फजरची नमाज झाली की मैदानावर हजर व्हायचे, मॅट अंथरायला हात लावायचे आणि मग टायरवर बसून वहीत स्कोअर लिहायचे. दुपारच्या जुम्म्याच्या नमाजेआधी मॅच संपवावी लागे. त्यामुळे आमचं हरणंसुद्धा वेळेत उरकायचं.

आमच्या लीगमध्ये एक नियम होता. निम्म्या मॅचेस झाल्या की एक आठवडा खेळाडूंची अदलाबदल, म्हणजे ट्रेड, करता यायची. दोन्ही कॅप्टननी कागदावर सही करायची, खेळाडूची संमती घ्यायची, झालं. त्या कागदाला सगळे ‘नक्ल कफाला’ म्हणायचे. नोकरीत एका कफीलकडून दुसऱ्याकडे जाताना जो सरकारी कागद लागतो त्याचं हे नाव. ज्यांना तो खरा कागद वर्षानुवर्षं मिळाला नव्हता, ते हौसेने ह्या खोट्या कागदावर सह्या ठोकायचे.

तो आठवडा म्हणजे भाईंची दिवाळी आणि ईद एकत्र. रोज संध्याकाळी मल्याळी हॉटेलात बैठक. कॅप्टन नागपूरचा, साइट इंजिनीअर, स्वभावाने मऊ. कोणाला सोडायचं म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. “भाई, तो आपल्याबरोबर चार वर्षं आहे हो.” भाई वही उघडायचे. “मनाला विचारू नका, वहीला विचारा. चार वर्षांत ह्याने अकरा कॅच सोडलेत. नावं सांगू का, कोणाकोणाचे?”

एकदा माझ्यावर पाळी आली. मला दिलं तर बदल्यात काय मिळेल, ह्यावर सगळे गंभीरपणे विचार करू लागले. खेळाडू मिळणार नाही, हे एकमताने ठरलं. मग भाई म्हणाले, “जुबैलवाल्यांकडे एक जादा मॅट आहे. आपली फाटलीय.” फोनही लावला. जुबैलवाल्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि नको म्हणून कळवलं. मला त्याचा राग आला होता हे मी आज कबूल करतो, आणि राग भाईंचा नाही, जुबैलवाल्यांचा आला होता.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. स्वतः मैदानात उतरत नाहीत, पण टीम त्यांच्या डोक्यात चोवीस तास खेळत असते. फरक इतकाच, की भाई चुकले तर चूक मान्य करायचे. आणि एकदा ते असे चुकले, की तशी चूक फक्त आमच्याकडेच होऊ शकते.

त्या वर्षी भाईंनी हट्टाने आमचा स्पिनर देऊन दम्मामचा एक फास्ट बोलर आणला. पहिल्याच शुक्रवारी त्याने चार विकेट काढल्या. भाई टायरवरून उठून नाचायचेच बाकी होते. दुसऱ्या शुक्रवारी बोलर आलाच नाही. फोन केला तर तो विमानतळावर. सौदीकरणाचे दिवस होते. कंपनीत किती सौदी माणसं आहेत त्यावरून सरकार तिला रंग द्यायचं, हिरवा, पिवळा, लाल. बोलरची कंपनी लाल झाली होती, इकाम्यांचं, म्हणजे राहण्याच्या परवान्यांचं, नूतनीकरण बंद पडलं होतं आणि पंधरा जणांना एकदम घरी पाठवलं होतं. त्यातला एक आमचा. वर आम्ही दिलेल्या स्पिनरने आम्हालाच पाच विकेट घेऊन गारद केलं.

सगळे भाईंकडे बघत होते. “माझी चूक,” ते म्हणाले. “त्याची बोलिंग बघितली, कंपनीचा रंग नाही बघितला.” त्या दिवसापासून वहीत रन, विकेट, कॅच ह्यांच्या शेजारी एक नवीन रकाना आला, ‘रंग’. खोबरवाले खूप हसले. पुढच्या मोसमात त्यांनीही तो रकाना काढला.

मग मोबाइलच्या दुकानांचा हुकूम आला. विक्री असो वा दुरुस्ती, दुकानात फक्त सौदी माणसं बसतील. आमच्या बाजारातली निम्मी शटर एका महिन्यात खाली आली. भाईंचा कफील म्हातारा, भला माणूस. त्याला हे एकच दुकान. त्याने भाईंना चहा पाजला, डोळे पुसले आणि सांगितलं, तीन महिन्यांत दुसरा कफील शोध, नाहीतर खुरूज. म्हणजे कायमचं परत.

शेजारच्या दुकानात दुरुस्तीला बसणारा इरफान हैदराबादचा, आमचा ओपनर. त्याचंही तेच झालं. त्याची बायको हुफूफमध्येच होती, सातवा महिना लागला होता.

भाईंनी दोन महिने पायपीट केली. बुरैदाला जाऊन आले, तबूकला फोन झाले. सगळीकडे मालक त्यांचं वय विचारायचे आणि मग बघतो म्हणायचे. बावन्न वर्षांच्या माणसाला ‘बघतो’चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

ह्याच दिवसांत आमच्या हॉस्पिटलच्या देखभालीचं काम घेतलेल्या ठेकेदाराला एक माणूस हवा होता. बीपीची यंत्रं, सलाइनचे पंप, असली बारीक दुरुस्ती. सर्किट कळणारा माणूस पाहिजे, वयाची अट नाही. सुपरवायझरने मला विचारलं, तुझ्या ओळखीचा कोणी? एकच जागा आहे, परवापर्यंत नाव दे. माझ्या डोक्यात दुसरं नाव आलंच नाही. संध्याकाळी धावत भाईंच्या दुकानात गेलो. ते सुटे भाग डब्यांत भरत होते. मी सांगितलं. त्यांनी हातातला डबा खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझा हात हातात घेतला. मला इतकं बरं वाटलं, की घरी जाताना मी गाडीत एकटाच गात होतो.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या हॉटेलात गेलो तर भाईंनी वही उघडलेली. कॅप्टन होता, मी होतो. इरफान बायकोला तपासायला घेऊन गेला होता.

“एक ट्रेड आहे,” भाई म्हणाले. “जागा एक, माणसं दोन. पहिला बावन्न वर्षांचा, गुडघा गेलेला, डोळ्यांना भिंग लागतं. दुसरा अठ्ठावीसचा, हात स्थिर, बायकोला आता विमानात बसू देणार नाहीत. कॅप्टन, कोणाला ठेवाल?”

कॅप्टन खाली बघायला लागला.

मी चिडलो. “भाई, ही काही मॅच नाही.”

“मॅच असती तर रात्रभर जागलो नसतो.”

“त्याला दुसरीकडे काहीतरी मिळेल. तो तरुण आहे.”

“कधी? पोरगं झाल्यावर?”

“आणि तुमचं काय?”

“माझं घर आहे.”

“मी तुमचंच नाव देणार,” मी म्हणालो.

“मी सकाळी सुपरवायझरला भेटून आलोय. मला जमणार नाही म्हणून सांगितलं. इरफानच्या पासपोर्टची झेरॉक्सही देऊन आलो.” त्यांनी वही मिटली. “त्याला वाटू दे की नाव तुम्हीच दिलंत. उगाच तो माझ्यासमोर मान खाली घालून बसेल.”

मला त्यांचा भयंकर राग आला होता. बाहेर पडून मी तडक गाडीकडे निघालो. भाई लंगडत बरोबर आले. दाराशी थांबून म्हणाले, “घर आहे म्हणालो ते खरंय, डॉक्टर. पण बावीस वर्षं मी तिथे सुट्टीवर गेलेला माणूस आहे. पोरगा अजून विचारतो, परत कधी जाणार? वाईट मनाने नाही विचारत. सवयीने विचारतो. ह्या वेळी काय सांगायचं, तेवढं कळत नाहीये.”

मी त्यांना घरापर्यंत सोडलं.

पुढच्या बुधवारी ते गेले. दम्मामच्या विमानतळावर कॅप्टन, इरफान आणि मी, तिघेही गेलो होतो. इरफानने त्यांची बॅग उचलली होती आणि वाटेत दोनदा माझे आभार मानले होते. भाई शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. वही त्यांनी कॅप्टनला दिली. दोन मॅचेस राहिल्या होत्या.

त्या शुक्रवारी आम्ही पुन्हा हरलो. पुढच्या गुरुवारी दुपारी रत्नागिरीहून फोन आला. मागे भांड्यांचा आवाज येत होता आणि कोणीतरी त्यांना जेवायला बोलवत होतं.

“इरफानने किती केल्या?”

खोटं सांगावंसं वाटलं. पण त्यांना स्कोअर खोटा सांगायचा माझा धीर झाला नाही. “शून्य. पहिल्या बॉलला.”



“कामावर जातो ना वेळेवर?”

“जातो. सुपरवायझर खूश आहे.”

“आणि बायको?”

“मुलगी झाली, मंगळवारी. दोघी ठीक आहेत.”

“मग ट्रेड बरोबर झाला,” भाई म्हणाले. “पुढच्या मॅचला त्याला तीन नंबरला पाठवा. नवा बॉल त्याला दिसत नाही.”

मी बरं म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. मी लॅबमध्ये परत जाऊन पुढची नळी हातात घेतली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मुलाला त्यांनी काय सांगितलं, हे मी विचारलंच नव्हतं.