रंभाताईच्या नारळाची शेंडी

विधवा आईनं लेकीच्या रुखवताला हात लावला, तर लग्नाचं नेमकं काय मोडतं? मला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही. तुम्ही सांगता?

रंभाताई दापोलीकडची. नवरा गेल्यावर दुबईला आली, तिथल्या करामा भागात एका कुटुंबाकडे स्वयंपाकाला लागली. अठ्ठ्याण्णव साली लेकीचं, प्रज्ञाचं, लग्न ठरलं आणि गावाहून दीर नागेशचा फोन आला. "वहिनी, रुखवताचं आम्ही बघतो. तुम्ही हात नका लावू, लोक बोलतात." ताई नुसती "बरं" म्हणाली. मी त्याच बिल्डिंगीत राहायचे, तेव्हा शेजारीच बसले होते. रिसीव्हर माझ्या हातात असता तर नागेशनं वेगळंच ऐकलं असतं.

ताईच्या खोलीत नासेरियान राहायची. केनियाची, मसाई, बिल्डिंगीची साफसफाई करायची. शुक्रवारी सुट्टीला ती वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यावर मणी विणत बसे. तिच्या माहेरी अशा तुंब्यात दूध ठेवतात. दोऱ्याला मेण चोळायचं, खालच्या दोन मण्यांच्या फटीत वरचा मणी बसवायचा, पोटाशी मणी वाढवायचे, मानेशी घटवायचे.

"रोती क्यों है?" तिनं ताईला विचारलं. करामात शिकलेली हिंदी. कारण ऐकून म्हणाली, "तेरा देवर उधर, तू इधर. कौन देखता है? यल्ला, चल, कुछ ला."

ताईनं नारळ आणला. मण्यांचा नारळ आमच्या रुखवतात असतोच, पण असा कातडीसारखा अंगाला बसणारा कुणी केला नव्हता. ताई कामावर गेली तेवढ्यात नासेरियाननं मदत म्हणून नारळ घासून गुळगुळीत करून ठेवला. शेंडीसकट.

ताईनं परतल्यावर नारळ उचलून फिरवून पाहिला. "अगं, शेंडी कापलीस? शेंडीशिवाय नारळ शुभाला चालत नाही."

"बाल ही तो था."

"तुझं डोकं भादरते, मग कळेल."

नासेरियाननं स्वतःच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "पहले से साफ है." दोघी हसत सुटल्या.

मग शेंडीही मण्यांची करायची ठरलं, तिच्याकडच्या झालरीसारखी लोंबती. पण काळे मणी संपले होते. ताईनं ट्रंकेतून डबी काढली. तुटलेल्या मंगळसूत्राचे मणी. "हे चालतील?" विचारलं असं, जणू चोरीचा माल.

नासेरियाननं एक मणी सुईवर घेतला. "अच्छा है. मजबूत है."

लग्नाला ताई नारळ घेऊन गावी गेली; नारळ गुपचूप रुखवताच्या सामानात गेला, ती स्वतः मात्र मागच्या दाराशी उभी होती. प्रज्ञानं रुखवतातला तो नारळ उचलला, शेंडी बोटांत धरली आणि थांबली. लहानपणी आईच्या कुशीत हेच मणी ती चावायची.

"आई, हा तू ठेव."

नागेश खाकरला.

"काका, तिनं ठेवल्याशिवाय मी बोहल्यावर चढत नाही."

तांदूळ धुतलेले ओले हात ताईनं पदराला पुसले, आणि नारळ मधोमध ठेवला.

काही मोडलं नाही. प्रज्ञाचा संसार छान चाललाय.

तुमच्या घरी पुढचं रुखवत मांडाल तेव्हा मागच्या दाराशी कोण उभी आहे ते बघा, आणि तिला हाताला धरून आत आणा.