न मागितलेली माफी

"हात जोडा, बाई. माफी मागा माझ्या नातवाची."

संस्थेचे अध्यक्ष चपलांसकट सातवीच्या वर्गात शिरले होते. नातवाला मी कॉपी करताना धरलं, पेपर काढून घेतला. एवढाच माझा गुन्हा.

"मेंढरं राखणारी माणसं तुमी. आमी नोकरी दिली म्हणून हातात खडू आला. इसरला व्हय?"

बाप माझा जतच्या माळावर मेंढरं राखायचा. खरंच होतं. बारा वर्षांच्या पोरापुढं मी हात जोडले.

"चुकलं माझं."

पोरगं हसलं नाही. घाबरलं. सगळा वर्ग बघत होता.

सहा वर्षं झाली. फळ्याकडं वळले की ते डोळे पाठीवर येतात. प्रार्थनेला हात जोडले की बोटं बधिर. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, "काही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका."

गेल्या महिन्यात शाळेत शिबिर झालं. शिक्षकांचं मनःस्वास्थ्य. पुण्याच्या मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या, "डोळे मिटा. ज्यानं दुखावलं त्याला माफ करा. ज्यानं घडवलं त्याचे आभार माना."

पुढच्या खुर्चीत अध्यक्ष.

मी डोळे मिटले. तोच वर्ग. तीच पोरं. आणि कळलं, मला काय खातंय ते. खरं वागलं तरी हात जोडायचे असतात, हे त्या दिवशी मीच त्यांना शिकवलं होतं.

उभी राहिले.

"मॅडम, माझी माफी कुणी मागितलीच नाही. देऊ कुणाला?"

"बाई, तुमच्याच मनःशांतीसाठी..."

"घालवली ह्यांनी. आणायची मी?"

अध्यक्ष वळले. "खाली बसा. उपकार इसरू नका."

"उपकार बापाचे. मेंढरं विकून त्यानं मला डी.एड. केलं. त्याचे आभार मानते. तुमचे न्हाई."

दुसऱ्या दिवशी नोटीस आली. ती घेऊनच सातवीवर गेले. आताच्या पोरांना सगळं सांगितलं. चूक माझी नव्हती, तरी मी माफी मागितली, म्हणाले.

एक मुलगी उठली. "मग मागितली कशाला, बाई?"

"भ्याले होते."

आता चौकशी चालू आहे. मन हलकं वगैरे काही झालं नाही. बोटं अजून बधिर होतात. परवा मुख्याध्यापकांनी टाइप केलेला माफीनामा पुढं सरकवला. "सही करा, मिटवून टाकू."

एकदा मागितलेली माफी परत घ्यायला मला सहा वर्षं लागली. नोकरी जाईल. जाऊ दे. सही करणार नाही.