फुललेल्या पळसाची सावली

माझ्या कादंबरीचं हस्तलिखित सोमवारी प्रकाशकाकडे जायचं होतं, आणि त्याआधी माझ्या मायनं ते ऐकावं अशी मला भारी हौस. कादंबरी तिच्यावरच होती ना! तिला मात्र तसं सांगितलं नव्हतं. ती स्वतःला ओळखते का, ते बघायचं होतं. नाही ओळखलं तर पाच वर्षांची मेहनत पाण्यात, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

माय वाचत नाही, ऐकते. दर पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, विहारात ग्रंथवाचन ऐकून ऐकून ती पक्की झालेली. पटलं नाही की हात वर करते आणि वाचणाऱ्याला तिथंच थांबवते. नेरच्या आमच्या घरी, शनिवार-रविवार मिळून, ओल्या तुरीच्या शेंगा सोलत तिनं सगळं निमूट ऐकलं. हात वर झाला तो थेट शेवटच्या प्रकरणात.

तिथं माझी नायिका, नवरा गेल्यावर, भर फाल्गुनात लालेलाल फुललेल्या पळसाच्या गर्द सावलीत बसते आणि तिच्या मनाला शांती मिळते. चांगली चार पानं! पळस म्हणजे पोळून उमललेलं मन, सावली म्हणजे करुणा. लिहिताना मीच दोनदा रडले होते.

"थांब," माय म्हणाली. "फुलल्या पयसाले पान रायते काय? सावली कुठून आणली बाई?"

"माय, ते प्रतीक आहे."

"असन. पन ऊन तं लागन ना तिले."

माझं डोकंच सटकलं. जन्म गेला या जिल्ह्यात, दरवर्षी बांधावर बिनपानांचा पळस बघते, आणि लिहिताना अक्कल गहाण! लाज वाटली म्हणून आणखी चिडले. "मग काय पिंपळाखाली बसवू? तिथं तर सगळेच बसवतात!"

"चिडून राह्यली कायले? पयसच ठेव. उन्हात बसू दे तिले. तुह्या बाबाले पोचवून आल्यावर मी बसलीच होती ना बांधावर. वर फुलं, आन् ऊन सारं आंगावर. लय वेळ बसली."

हे मला कधीच माहीत नव्हतं. पाच वर्षं लिहीत बसले, पण तिला एकदाही काही विचारलं नाही.

"मग? शांती मिळाली?"

"काय मालूम बाप्पा! बकऱ्या लोकाच्या हरभऱ्यात घुसल्या, मंग उठली." तिनं सोललेले दाणे माझ्याकडे सरकवले. "आन् तू मले चार चार पानं बसवून नको ठेवू तिथं."