अण्णा, व्हॅन आणि डाव्या बाजूचा पत्रा

जुनी व्हॅन घरी दुरुस्त करायला घेतली की पत्रा कमी होत जातो आणि किस्से वाढत जातात. आमच्या व्हॅनचे तर इतके झालेत, की कुणी जेवायला आलं तर पानं वाढून होईपर्यंत दोन सांगून होतात. पाहुणे पुन्हा येतात, म्हणजे बरे असावेत!

डार्मश्टाटजवळच्या एका खेड्यात आम्ही भाड्याने राहतो. घरामागे घरमालकाचं रिकामं गवताचं गोदाम आहे. ते त्याने वापरायला दिलं, आणि माझ्या डोक्यात व्हॅन शिरली.

*

मी आणि माझा मित्र निखिल व्हॅन बघायला गेलो. विकणारे आजोबा प्रामाणिक. आधीच म्हणाले, "हो, गंज आहे. थोडासा."

मी दाराखालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला!

मी निखिलकडे पाहिलं. निखिल म्हणाला, "चला, आतूनही बघून झाली."

घरी आणली तेव्हा माझ्या बायकोने, केतकीने, व्हॅनभोवती एक चक्कर मारली. "छान आहे. भोकांना कुठे कुठे पत्रा लागलाय ना!"

*

निखिल कोण, हे सांगायला हवं. तो इथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करतो. विषय, गंज! चार वर्षं तो फक्त गंजाचा अभ्यास करतोय. असा मित्र असताना मी घाबरेन कशाला?

पहिल्या शनिवारी त्याने गंजाचे अकरा नमुने काढून पिशव्यांत भरले. दुसऱ्या शनिवारी पिशव्यांना नंबर दिले. तिसऱ्या शनिवारी भारतातून माझे सासरे, अण्णा, आले. त्यांनी खिडकीतून थोडा वेळ पाहिलं आणि निखिल चहाला वर आल्यावर विचारलं, "काय हो, तुम्ही गंज काढता म्हणे?"

"नाही अण्णा," निखिल शांतपणे म्हणाला, "लॅबमध्ये आम्ही वाढवतो."

*

अण्णांनी मिरजेला तीसेक वर्षं गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग केलं. दोन वर्षांपूर्वी दुकानाचं शटर ओढलं. "आता ठोकून कोण घेतंय? चेपलं की नवीन बसवत्यात," एवढंच म्हणाले, आणि त्यानंतर त्यांचं बोलणंच आटलं. केतकीने त्यांना आग्रहाने इकडे बोलावलं, तर इथेही खुर्चीत जाकीट घालून बसून राहायचे. रोज एकच प्रश्न, परतीच्या तिकिटाला किती दिवस उरले. केतकी स्वयंपाकघरात डोळे पुसायची, आणि मी शेजारी उभा राहून उगाच भांडी विसळायचो.

एका दुपारी मी आणि निखिल गोदामात पत्रा ठोकत होतो. वरच्या खिडकीतून आवाज आला, "चुकायलंय."

आम्ही थांबलो. पुन्हा ठोकायला लागलो.

"अजून चुकायलंय!"

पाच मिनिटांत अण्णा कानटोपी घालून खाली हजर. माझ्या हातातली हातोडी काढून घेतली. "जावईबापू, हाणायची नसती. पडू द्यायची."

निखिलने हे वहीत लिहून घेतलं.

*

त्यानंतर अण्णा ऐकेनात. रविवारी सकाळी आठ वाजता ठणठण सुरू! जर्मनीत, खेड्यात, रविवारी, जेव्हा खिळा ठोकायलाही बंदी असते! मी पायजम्यावरच धावलो, पण शेजारचे फोगेलसाहेब आधीच दारात उभे होते. चेहरा लाल. बोटाने आधी घड्याळ दाखवत होते, मग कान.

अण्णांनी एक स्टूल पुसून त्यांना बसवलं, थर्मासमधला चहा ओतून दिला आणि मला म्हणाले, "गिऱ्हाईक आलंय. रविवारचं आलंय म्हंजे अर्जंट असणार. काय मोडलंय विचारा."

फोगेलसाहेबांनी चहा प्यायला. अर्धा तास बसले. कप ठेवून घरी गेले.

सोमवारी बरोबर आठला पुन्हा आले. चेपलेली ढकलगाडी घेऊन! अण्णांनी ती सरळ करून दिली, आणि त्यांनी आपलं वेल्डिंग मशीन आणून दिलं.

*

नवा पत्रा कापायचा तर आधी कागदाचा फर्मा लागतो. अण्णांना घरातले सगळे कागद पातळ वाटले. एक मात्र पसंत पडला.

माझं आउसलेंडरबेह्योर्डेचं, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीचं, पत्र होतं ते! व्हिसा वाढवण्याच्या अपॉइंटमेंटचं. आदल्या दिवशी शोधतोय तर गोदामात खिळ्याला लटकलेलं, चाकावरच्या कमानीच्या आकाराचं. "झकास कागद," अण्णा म्हणाले. "वाकत न्हाई."

तसंच घेऊन गेलो. खिडकीतल्या बाईंनी ती कमान उलटसुलट करून पाहिली. "हे काय आहे?"

"मागच्या चाकाची डावी बाजू," मी खरं ते सांगितलं.

त्यांनी पत्रावरचा नंबर शाबूत आहे का ते पाहिलं. "ठीक, नंबर आहे," म्हणाल्या, आणि कमान फाइलमध्ये लावली. अण्णांना पुन्हा फर्मा कापावा लागला.

*

डावी बाजू अण्णांनी पूर्ण केली; उजवी वरून धड दिसत होती, म्हणून तशीच ठेवली. सांधा बोटाला लागत नव्हता. मग गाडीच्या तपासणीची तारीख मिळाली, गुरुवारची. अण्णांचं विमान शनिवारचं. त्यांचा व्हिसा अजून महिनाभर होता, पण राहायचं नाव ते काढत नव्हते.

केतकीला व्हॅनचं काही पडलेलं नव्हतं. "हा पत्रा नापास झाला ना, तर अण्णा पुन्हा हातोडी धरायचे नाहीत," ती मला म्हणाली. ते मलाही माहीत होतं. व्हॅन गेली खड्ड्यात, अण्णा पास व्हायला हवे होते.

तपासणीला आम्ही तिघं गेलो, मी, निखिल आणि इस्त्रीचा शर्ट घातलेले अण्णा. अधिकाऱ्याने व्हॅन वर उचलली, छोटी हातोडी घेऊन खाली शिरला आणि डाव्या बाजूला ठोकत निघाला. टण, टण, टण. अण्णांचे हात पाठीमागे, डोळे मिटलेले.

मग उजवी बाजू. टण, टण, ढब. अण्णांनी डोळे उघडले.

अधिकारी माझ्याशी बराच वेळ बोलला. अण्णांनी माझी बाही ओढली. "नापास?"

"व्हॅन नापास," मी म्हणालो. "उजवी बाजू सडलीय. ती डाव्या बाजूसारखी करून आणा म्हणतोय."

"उजवीला मी हात लावल्याला न्हाई!"

"तेच तर, अण्णा. डावीला त्याने नावं ठेवली नाहीत. डावीसारखी करा म्हणतोय."

अण्णांनी खिशातून खडू काढला. वाकून व्हॅनखाली गेले, उजव्या पत्र्यावर ढब वाजलं तिथे मोठा गोल केला, आणि बाहेर येऊन हात झटकत त्या अधिकाऱ्याला सरळ मराठीत म्हणाले,

"मंगळवारी या. तयार ठेवतो."