मालूचं स्थळ आणि चौदावी काठी

"सोड! आधी ती काठी सोड, वसंता!" मागच्या दारातून आई ओरडली.

मी सोडली.

आईची आज्ञा तत्काळ पाळण्याचा माझ्या आयुष्यातला तो पहिला आणि शेवटचा प्रसंग. एरवी तिने सकाळी "नारळ फोडून दे" म्हटलं की तो आमटी संपल्यावर फुटायचा. त्या दिवशी मात्र तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझी बोटं उघडली. अडचण एवढीच, की काठी त्या क्षणी माझ्या डोक्यामागून गरकन फिरून पुढे निघालेली होती. मी सोडल्यावर ती थांबली नाही. वाळत घातलेल्या पापडांवरून, शेवग्याच्या शेंड्यावरून गरगरत गेली आणि आमच्या परसामागच्या तळ्यात उतरली.

परसात सगळे उभे होते. अण्णा, आई, माझी धाकटी बहीण मालू, तिला बघायला आलेला मुलगा मनोहर आणि त्याचे मामा. मामांच्या काळ्या टोपीवर अळूचा एक गड्डा मुळांसकट बसला होता. (तोही मीच बसवलेला. ते पुढे येईलच.) मग मनोहर शांतपणे म्हणाला, "उद्या सकाळी साहेबाची मॅच आहे. त्याचीच दांडी होती ती. विलायतेहून गेल्या आठवड्यात आली."

मामांनी डोक्यावरचं अळू काढलं आणि म्हणाले, "माझ्या सहीने बाहेर पडलीय."

ठाण्याच्या टेंभी नाक्यापासून हाकेच्या अंतरावर, जिथे विटीदांडूपलीकडे कुणाच्या हाती काही आलं नव्हतं, तिथे विलायती गोल्फ कसा पोचला, हे आता सांगायला हवं. पोचला तो माझ्यामुळे आणि मनोहरमुळे. मनोहरला तो खेळ येत होता. मला बोलायला येत होतं.

मालू शाळेत शिकवायची आणि उरलेल्या वेळात स्थळं नाकारायची. एक जेवताना आवाज करतो, एकाची वहाण घरात शिरताना उलटी पडली, एक नुसताच नको. या मनोहरला मात्र तिने कुणाच्या तरी मुंजीत पाहिलेलं आणि घरी येऊन आईला सांगितलेलं, "चालेल." मालूच्या तोंडचं 'चालेल' म्हणजे दुसऱ्या मुलीने चार पानी प्रेमपत्र लिहिण्यासारखं. आईने त्याच दिवशी देवापुढे साखर ठेवली.

अडले ते अण्णा. अण्णा कचेरीत शिरस्तेदार होते आणि जगातल्या प्रत्येक माणसाला हुद्दा असतो अशी त्यांची समजूत होती. मनोहरला आई-वडिलांमागे मामांनी वाढवलं. मामा मुंबईच्या एका साहेबी क्लबात स्टोअरकीपर, राहायला क्लबाच्याच आवारात. भाचा तिथेच एका म्हाताऱ्या स्कॉच साहेबाच्या हाताखाली शिकून गोल्फचा प्रोफेशनल झालेला.

"खेळतो, हे कळलं," अण्णा म्हणाले. "पण करतो काय?"

"तेच करतो," आई म्हणाली.

"दिवसभर?"

आता इथे माझा पाय खोलात गेला. आमच्या ऑफिसचा मोठा साहेब गोल्फ खेळायचा. एकदा त्याचा शिपाई रजेवर असताना मी त्याची गोल्फची बॅग मोटारीतून व्हरांड्यापर्यंत उचलून नेलेली. एवढंच. पण ती गोष्ट सांगत सांगत घरी येताना दादरपर्यंत मी साहेबाबरोबर मैदानात पोचलेलो, मुलुंडला मी दोन फटके मारलेले आणि ठाण्याला उतरलो तेव्हा साहेब माझा सल्ला घेऊ लागला होता. घरात सगळ्यांनी ती तशीच्या तशी ऐकलेली. मालू सोडून. ती मला लहानपणापासून ओळखते.

"वसंता," अण्णा म्हणाले, "तुला त्यातलं कळतं. मुलाची परीक्षा तू घ्यायचीस. तू बरा म्हणालास तर पुढे बोलू. नाहीतर पत्रिका परत."

मालूने मला स्वैपाकघरात गाठलं. हातात कैरी किसायची किसणी होती. "दादा, तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही हे मला ठाऊक आहे."

"अगं, साहेब मला..."

"साहेब गेला खड्ड्यात. नुसती मान हलवायची आणि शेवटी 'उत्तम' म्हणायचं. जास्त शहाणपणा केलास तर साहेबाच्या बॅगेची गोष्ट खरी काय ती अण्णांना सांगीन."

मी शब्द दिला. माझा शब्द म्हणजे काय हे आईला नारळावरून ठाऊक होतंच.

चैत्रातल्या रविवारी दुपारी मामा-भाचे आले. संध्याकाळच्या गाडीने कल्याण गाठून ते पुढे नाशिककडे जायचे होते, क्लबातल्या एका साहेबाच्या मॅचसाठी. म्हणून बरोबर त्याच्या काठ्यांची भलीमोठी बॅग. बॅग पाहिल्यावर माझ्या अंगात आलं. "द्या इकडे!" म्हणत मी धावलो, पट्टा खांद्यावर टाकला, कंबर जराशी तिरकी केली आणि रस्त्यापासून ओट्यापर्यंत अशा ऐटीत चाललो की समोरच्या बिऱ्हाडातली दोन माणसं खिडकीत आली.

मनोहरने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "सवय दिसते."

"रोजचंच आहे," मी म्हणालो.

आंब्याची डाळ आणि पन्हं आलं. मालू निळ्या लुगड्यात, नजर फरशीवर. मामा बोलायला कमी आणि डाळीला जास्त. अण्णांनी मला खूण केली. मी घसा साफ केला. मान हलवायची एवढंच ठरलेलं, पण परीक्षकाच्या खुर्चीत एकदा बसल्यावर मान एकटी कशी हलणार?

"आपला आजवरचा सर्वांत मोठा स्कोअर किती?" मी विचारलं.

मनोहरने पन्ह्याचा पेला खाली ठेवला. "मोठा सांगण्यासारखा नाही. आमच्यात कमीत कमी फटक्यांत संपवतो तो जिंकतो."

"अर्थात," मी म्हणालो. "तुम्हाला ठाऊक आहे का ते बघत होतो."

"कमी मार्कांना पहिला नंबर?" अण्णा म्हणाले. "मग आमचा वसंता विलायतेत चमकला असता."

मामा डाळीतून पहिल्यांदाच हसले. मालूने पदराखालून माझ्याकडे असं पाहिलं की मला किसणी आठवली.

मग अण्णांनी स्वतःच सूत्रं घेतली. "नोकरी कायम आहे?"

"आहे. क्लबाचा पगार, आणि मेंबरांना शिकवतो त्याचं वेगळं."

"म्हणजे मास्तर." अण्णांना हुद्दा सापडल्याचा आनंद झाला. "पण अंगमेहनतीचं काम. म्हातारपणी काय?"

"कंबर आहे तोवर खेळायचं. कंबर गेली की नुसतं शिकवायचं. शिकवायला कंबर लागत नाही."

"मग काय लागतं?"

"सहन करायला लागतं," मनोहर म्हणाला.

अण्णांनी बॅगेकडे बोट दाखवलं. "चेंडू एक, मग काठ्या इतक्या का?"

"चौदा असतात. लांब मारायची वेगळी, गवतातून काढायची वेगळी, वाळूतून काढायची वेगळी."

"चौदा! समुद्रमंथनातून रत्नं निघाली तेवढीच."

मनोहरने त्यातली सर्वांत लांब दांडी काढली. तिचं डोकं भोपळ्यासारखं गोल, तांबूस लाकडाचं, नव्या व्हार्निशने चकाकणारं. दांडी पोलादी. "ही नवी पद्धत. पूर्वी दांडीसुद्धा लाकडाची असायची, हवेने वाकायची. ही वाकत नाही. चेंडू लांब जातो. आणि चूक झाली तर चूकही लांब जाते."

"आमचे साहेब तर पोलादीशिवाय हात लावत नाहीत," मी म्हणालो. आमचा साहेब दांडी लाकडाची वापरायचा की उसाची, मला काय ठाऊक?

इथवर सगळं बरं चाललेलं. पण अण्णा न्यायाचे फार पक्के. ते म्हणाले, "मुलगी बघायला आले की तिला गाणं म्हणायला लावतात, सुईत दोरा ओवायला लावतात. मालूने आजवर पाच घरांसमोर तेच भजन म्हटलंय. मग मुलानेही आपली विद्या दाखवावी. चला परसात."

मालूने चक्क वर पाहिलं. तिला तो विचार मनापासून आवडलेला दिसला.

मनोहरने परस पाहिलं. एका बाजूला अळूचा वाफा, एका बाजूला चादरीवर आईचे पापड, मागे तळं. "जागा लहान आहे," तो म्हणाला. "छोट्या दांडीने हळूच दाखवतो."

"थांबा," अण्णा म्हणाले. "नुसतं बघून आम्हाला काय कळणार? आधी वसंता मारील, मग तुम्ही. म्हणजे फरक कळेल."

मी दोन पावलं मागे सरकलो. "अण्णा, पाहुणे आधी..."

"साहेबाला सल्ला देतोस ना?"

मालूने तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगावं तर परीक्षकच खोटा ठरणार आणि परीक्षाच बाद. आता तिचं लग्न माझ्या मनगटात होतं. त्या मनगटांनी मी आयुष्यात टाक सोडून काही पेललेलं नव्हतं.

लहान दांडी घेतली असती तरी निभावलं असतं. पण साहेबाचा सल्लागार लहान दांडी कशी घेणार? मी चकाकणारी उचलली. मामांचा हात वर गेला, पण तोंडात डाळ होती.

पहिला फटका मी असा मारला की शेवग्याची पानं हलली. चेंडू जागच्या जागी.

मनोहर माझ्याजवळ आला. आवाज अगदी खालचा, घरच्यांना ऐकू न जाण्याइतका. "डोकं खाली ठेवा. नजर चेंडूवर. वर बघायचं नाही."

"ठाऊक आहे," मी म्हणालो आणि दुसरा मारला. या वेळी दांडी जमिनीला लागली. अळूचा एक गड्डा मातीसकट उडाला आणि मामांच्या टोपीवर जाऊन बसला. मामा इतके सभ्य, की त्यांनी टोपीला हातही लावला नाही.

"इतकं आवळू नका," मनोहर तसाच शांत. "पापडाची लाटी धरतात तसं धरा. चेपली नाही पाहिजे, पडली नाही पाहिजे. आणि डोकं खाली."

तिसऱ्याला मी चेंडूऐवजी चेंडूशेजारच्या मुंगळ्याला धक्का दिला. मुंगळा वाचला.

"घाई नको. परत. डोकं खाली."

चौथ्याला मी सगळं आठवलं. लाटी, नजर, डोकं. दांडी वर नेली, मागे नेली, इतकी मागे नेली की ती आईच्या पापडांवरून फिरली. वर्षभराचे पापड! आई ओरडली, आणि पुढचं तुम्ही सुरुवातीला वाचलंच आहे.

तर आता तळ्याकडे वळू. चैत्रातलं पाणी, खोल नव्हतं, पण चिखल दांडगा. दांडी मुठीकडून चिखलात रुतली होती आणि लाकडी डोकं पाण्यावर तेवढं दिसत होतं, कासवाने श्वास घ्यायला वर काढावं तसं. बघता बघता ते खाली खाली जाऊ लागलं.

"माझी नोकरी," मामा म्हणाले. एवढंच म्हणाले.

मनोहर बूट काढायला वाकला. मीही धोतर खोचू लागलो. अण्णा म्हणाले, "तू हलू नकोस. तू हललास की काहीतरी जातं."

तेवढ्यात पाण्यात चुबुक असा आवाज झाला. मालू केव्हाच उतरली होती. त्याच तळ्याच्या काठी वाढलेली मुलगी, कुठे पाय टाकायचा ते तिला पाठ. निळं लुगडं गुडघ्यांवर खोचलेलं, कपाळावर मुंडावळ्या बांधायच्या त्या जागी चिखलाचा शिंतोडा, आणि समोर त्या लाकडी डोक्यावर रोखलेली नजर.

"अगं, पाहुणे आहेत!" आई ओरडली. आईचं ऐकण्याची चूक मालूने केली नाही.

कमरेइतक्या पाण्यात पोचली, दोन्ही हातांनी दांडी उपसली आणि तशीच परत आली. काठावर उभी राहून तिने दांडी पदराने पुसली. "घ्या," ती मनोहरला म्हणाली. "तुमची चौदावी."

मनोहरने दांडी उलटसुलट पाहिली, डोक्यावर टिचकी मारली, कान लावला. "काही झालेलं नाही."

मामा मटकन मागच्या दाराच्या पायरीवर बसले. मग त्यांना आपण कशाला आलोत ते आठवलं असावं. त्यांनी भाच्याला विचारलं, "मग? मुलगी?"

मालू कमरेपर्यंत भिजलेली, हिरवट, लुगड्यातून शेवाळ लोंबत असलेली. आईने डोळे मिटले.

"डोकं खाली ठेवून गेली," मनोहर म्हणाला. "एकदाही नजर काढली नाही. मला पसंत आहे."

आता सगळे अण्णांकडे बघू लागले, आणि अण्णा माझ्याकडे. परीक्षक मीच होतो ना! मी घसा साफ केला. "उत्त..."

"तू बोलू नकोस," अण्णा म्हणाले. मग मामांकडे वळले. "या गाढवाला मी पाढे शिकवले, तेव्हा दुसऱ्या दिवशी माझा आवाज बसला होता. तुमच्या भाच्याने पुन्हा पुन्हा समजावलं. साहेबाची वस्तू तळ्यात गेली तरी आवाज चढला नाही. संसाराला याहून काय लागतं? आई, साखर आण."

आई म्हणजे माझी आई. आमच्यामुळे अण्णाही तिला आईच म्हणत. साखर आली. ओल्या मालूने ती सगळ्यांना वाटली, मला शेवटी आणि थोडी.

संध्याकाळी त्यांना स्टेशनावर पोचवायला मी गेलो. बॅग अर्थातच माझ्या खांद्यावर. मामा पुढे तिकिटांना गेले. मनोहर आणि मी मागून रमतगमत. लग्न ठरलेलं, दांडी वाचलेली, मला परत बोलायची हुक्की आली.

"मनोहरराव," मी म्हणालो, "तुम्ही एवढ्या जणांना शिकवलंत. अगदी मोकळेपणी सांगा. जरा मेहनत घेतली तर गोल्फमध्ये माझं काही होईल?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरच्या पट्ट्याकडे पाहिलं, तिरक्या कंबरेकडे पाहिलं.

"होईल की," तो म्हणाला. "बॅग छान उचलता तुम्ही."